तीनदा लोटले

निकालाच्या नकलेचे तिसरे पान उलटताना त्र्यंबकरावांचा अंगठा कागदाला चिकटून राहिला. भाद्रपदातले ऊन होते आणि कचेरीच्या ओसरीवर वारा नव्हता, तेव्हा दोष घामाला देता आला असता. पायरीखाली बसलेली बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. कागदाकडे तिने अजून एकदाही पाहिले नव्हते.

"पुढं वाचा ना, रावसाब," ती म्हणाली.

ती हौसाबाई, खाडीपलीकडच्या मिठागरावर राबणाऱ्या दगडूची बायको. दगडूला गेल्या महिन्यात याच कचेरीत सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. पावसाळा सरला की बोट सुटायची होती, आणि तोवर तो ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होता. वकिलाने निकालाची नक्कल हौसाबाईच्या हातात ठेवून सांगितले होते, की अपील करायचे तर साठ दिवसांत करावे लागेल, पण त्यात दम दिसत नाही. का दिसत नाही, ते कोर्टाच्या ट्रान्सलेटराकडून समजून घे. वकील सरकारने फुकट नेमून दिलेला होता, आणि फुकटच्या वकिलाला इंग्रजी निकाल मराठीत फोडून सांगायला सवड नसते. म्हणून ती तरीने खाडी ओलांडून त्र्यंबकरावांकडे आली होती.

पहिली दोन पाने त्यांनी न अडखळता सांगितली. त्यांत जे घडले तेवढेच होते. चैत्रात, ऐन मीठ ओढायच्या दिवसांत, भरतीचे पाणी आत घ्यायचे जे लाकडी दार असते त्या उघाडीवर दगडू आणि त्याच मिठागरावर राबणारा धाकू यांची पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली. धाकूने मीठ ओढायचे दाताळे उगारले. दगडूने त्याला लोटले. धाकूचे डोके उघाडीच्या दगडावर आपटले आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. पाहणारी एकटी हौसाबाई. तिची जबानी तीनदा झाली : दुसऱ्या दिवशी गावात पोलिसांपुढे, वैशाखात कल्याणला मॅजिस्ट्रेटपुढे आणि आषाढात इथे, जज्जसाहेबांपुढे.

तिसऱ्या पानावर साहेबांनी या तीन जबान्या एकापुढे एक मांडल्या होत्या.

"पहिल्या जबानीत ही बाई म्हणते," त्र्यंबकराव वाचू लागले, "माझ्या नवऱ्याने धाकूला लोटले."

हौसाबाईने मान डोलावली. कागदावर तिथे इंग्रजीत 'पुश्ड' होते, म्हणजे लोटलेच.

"कल्याणच्या जबानीत म्हणते…" इथे 'शव्ड' होते. तेही लोटणेच, पण दांडगाईचे, अंगावर जाऊन केलेले. "म्हणते, की लोटले."

तिने पुन्हा मान डोलावली.

"आणि आमच्यासमोर शपथेवर म्हणते…"

तिथे 'हर्ल्ड' होते. त्याला मराठीत एकच इमानी शब्द होता, भिरकावले. तो उच्चारला असता तर ही बाई तिथल्या तिथे उठून म्हणाली असती, की मी असे कधी बोललेच नाही. त्र्यंबकरावांनी ओठ ओले केले.

"म्हणते, की लोटले," त्यांनी वाचले आणि न थांबता पुढचे सांगून टाकले. साहेबांनी लिहिले होते, की नवऱ्याला वाचवू पाहणाऱ्या बायकोच्या तोंडूनही सत्य पायरीपायरीने बाहेर आले. तिच्या बदलत्या शब्दांवरून कोर्टाची खात्री होते, की हा जीव वाचवण्यासाठी दिलेला साधा धक्का नव्हता, जोर लावून केलेले कृत्य होते.

हौसाबाईने बोटे मोजली, एक, दोन, तीन.

"तीनी बारीला येकच तर बोललू मी. मंग बदलला काय?"

अशा वेळी शिकलेली माणसे जे बोलतात तेच त्र्यंबकराव बोलले. कायद्याची भाषा वेगळी असते, बाई, असे म्हणाले. आणि तिने ते मानले. तिने हुज्जत घातली असती तर त्यांना बरे वाटले असते.

मग ती खालच्या मानेने सांगत राहिली. निकालाच्या दिवशी वकील गावकऱ्यांदेखत म्हणाला होता, की बायकोच्याच जबानीने घात केला. तेव्हापासून सासू, मालनबाई, तिच्या हातचे पाणी घेत नव्हती. माझ्या पोराला तुझ्या तोंडाने खाल्ले, म्हणत होती. गावातल्या बायका बांधावर बाजूने निघून जात. हौसाबाईला त्यांचा राग नव्हता. ती मीठ भरताना, भात शिजवताना आपण काय बोललो ते आठवून आठवून पाहत होती.

"माज्या तोंडातून कायतरी वाईट निगालाय," ती म्हणाली. "काय ता मना कलत नाय. तुमी कागद बगून सांगा, कोनता शबूद ता. मी परत कवा तोंडातून काडनार नाय."

त्र्यंबकरावांनी नकलेची घडी घातली. मूळ कागद पाहावे लागतील, सोमवारी ये, असे त्यांनी तिला सांगितले. ती उठली, आणि जाताना परसातल्या दोन काकड्या पायरीवर ठेवून गेली. सरकारी माणसाला काही घेता येत नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आले तोवर ती फाटकाबाहेर पोचली होती.

त्र्यंबकराव काही वाईट माणूस नव्हते. सरकारचे मीठ खात होते आणि त्याला जागत होते. लाचेचा विटाळ त्यांनी हाताला लागू दिला नव्हता. त्यांना एकच व्यसन होते आणि ते इतके सोज्वळ, की त्याला कोणी व्यसन म्हणतही नसे. त्यांना इंग्रजी शब्दांचा नाद होता.

तो शाळेतल्या गोऱ्या मास्तरांनी लावला. निबंधाच्या एका पानात तोच शब्द दुसऱ्यांदा आला, की मास्तर तांबड्या शाईने त्याच्याभोवती वर्तुळ काढत आणि समासात एवढेच लिहीत : दारिद्र्य. भिक्षुकाच्या मुलाला ते फार झोंबले. घरात दारिद्र्य होते ते होते, निदान वहीत तरी नको. तेव्हापासून त्याने एक जाड वही ठेवली. एका पानावर एक अर्थ, आणि त्याखाली त्या अर्थाचे सापडतील तितके शब्द. चालण्याचे एकोणीस, रागाचे सव्वीस. मास्तर आणखीही एक गोष्ट सांगत, की एका अर्थाचे दोन शब्द दिसायला तसे असतात, पण नीट पाहिले तर तसे नसतात. जावाजावांसारखे ते, एका घरात नांदतात पण चुली वेगळ्या. जावांची उपमा त्र्यंबकरावांची. ती त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती, आणि सुंदर अक्षरात लिहिलेल्या गोष्टी माणूस सहसा पुन्हा वाचत नाही.

नवे जज्जसाहेब गुजराथेतून बदलून आलेले. मराठी त्यांना 'पाणी आण' आणि 'चूप' एवढीच येई. तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक साक्षीदार साहेबांना भेटे तो त्र्यंबकरावांचे इंग्रजी पांघरून. एकदा साहेबांनी कागदावरून मान वर केली आणि भर कचेरीत म्हटले, की तुमचा तर्जुमा वाचणे हे सुख आहे. त्या दिवशी त्र्यंबकराव तलावाकाठच्या हलवायाकडून पेढे घेऊन घरी गेले होते.

दगडूच्या खटल्यात त्यांनी वेगळे काहीच केले नाही. कागद तर्जुम्याला आले तेव्हा पहिल्या जबानीत 'पुश्ड' लिहिले. दुसरी त्याच आठवड्यात समोर आली, तोच शब्द टाकाच्या टोकाशी आला, आणि डोळ्यांपुढे तांबडे वर्तुळ उभे राहिले. म्हणून 'शव्ड'. तिसरी जबानी तोंडी होती. कचेरी भरलेली, बाकांवर वकील बसलेले. हौसाबाई म्हणाली, लोटला. त्र्यंबकरावांनी जरा थांबून, मान किंचित उचलून म्हटले, 'हर्ल्ड'. साहेबांच्या टाकाने तो शब्द टिपल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

बाईची मराठी जबानी दर वेळी रिवाजाप्रमाणे तिला वाचून दाखवली गेली होती. ऐकून तिने मान डोलावली आणि निशाणी केली होती. इंग्रजी मात्र कोणी कोणाला वाचून दाखवत नसे. तसा रिवाजच नव्हता.

निकाल वाचला गेला तेव्हा त्र्यंबकरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. म्हणजे त्यांना कळले नव्हते असे नाही. एक महिना ते कळलेलेच होते. साहेबांनी आणखीही काही पाहिले असेलच, शिक्षा काय एका शब्दावर होते, असे ते रोज स्वतःला सांगत आणि रोज त्यांना ते पटे. ही बाई मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती.

ते दफ्तरखान्यात गेले. तिथे हरिहरपंत कारकून बसत, तिन्ही जबान्यांचे मोडी कागद त्यांच्याच ताब्यात होते. त्र्यंबकरावांनी काही विचारण्याआधीच त्यांनी फडताळातून एक रुमाल काढला आणि गाठ सोडली. तीन कागद. तिन्हींत लोटले. प्रत्येकाखाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे', आणि त्याखाली हौसाबाईची निशाणी, लिहिता न येणाऱ्या बाया सहीच्या जागी काढत ती बांगडी. पहिल्या दोन बांगड्या वाकड्या होत्या. तिसरी बरीच गोल आली होती, तोवर हात बसला असावा.

"मला वाटलंच होतं, याल," हरिहरपंत म्हणाले. "इथली जबानी मी उतरवली, लोटले असंच लिहिलं. बाई तेवढंच बोलली होती. तिला इंग्रजी तुम्ही शिकवलंत."

अपील झाले तर हे मोडी कागद मुंबईला जातील, तिथे कोणीतरी ताडून पाहीलच, असे त्र्यंबकराव म्हणाले. त्यावर हरिहरपंतांनी चष्मा काढून धोतराला पुसला. स्वच्छ इंग्रजी समोर असताना मोडीत डोळे फोडणारा मनुष्य मुंबईत त्यांनी तरी पाहिला नव्हता. आणि तिथल्या ट्रान्सलेटरांत एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी साहेबांची शिफारस घेऊन कोणाचे नाव गेले, हे तर अख्ख्या कचेरीला ठाऊक होते.

"तुमचा तर्जुमा तपासायला तिथं तुम्हीच बसाल," ते रुमालाची गाठ मारत म्हणाले. "पेढे मात्र विसरू नका."

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर त्र्यंबकराव माजघरात मेज ओढून बसले. समोर जरा अंतरावर उत्तरा, त्यांची बायको, ती जाड वही मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी दार लोटून घेऊन ते तिला इंग्रजी शिकवत. शेजाऱ्यांना ठाऊक होते, पण दार लोटलेले असले की सगळ्यांनाच सोयीचे पडे. मुंबईला गेल्यावर दार लोटावे लागणार नाही, असे त्यांनी तिला सांगितले होते, आणि गेले आठ दिवस ती गिरगावातल्या बिऱ्हाडांच्या गोष्टी करीत होती.

त्यांनी अपिलासोबत जोडायचे निवेदन लिहायला घेतले. पहिला मसुदा झकास उतरला. तर्जुम्यात एखादी नजरचूक शिरली असण्याचा संभव नाकारता येत नाही, असे त्यात होते. त्यांनी तो वाचून पाहिला. नजरचूक म्हणजे जणू पाल, खिडकी उघडी राहिली म्हणून आत आली. कागद फाडला. दुसऱ्यात पाल नव्हती, पण माणूसही नव्हता. 'चूक झाली आहे' एवढेच होते, कोणी केली ते कुठेच नव्हते. तोही फाडला.

"या पानावर अकरा शब्द आहेत," उत्तरा वहीतून म्हणाली. "आणि पुढं मराठीत तुम्ही सगळीकडं 'चूक'च लिहिलंय. मग फरक काय?"

त्र्यंबकरावांनी मान वर केली. तिला ते सहज, हसतखेळत शिकवीत असत. आज त्यांना तसे जमेना. त्यांनी एकेक शब्द सांगितला. 'स्लिप' जिभेची किंवा पायाची, तिला कोणी धरत नाही. 'ओव्हरसाइट' डोळ्यांची, दिसायला हवे होते ते दिसले नाही. 'मिस्टेक' म्हणजे एकाला दुसरे समजणे. 'एरर' म्हणजे रस्ता सोडून जाणे, मग तो कोणीही सोडो. 'फॉल्ट' म्हटले, की तो कोणाचा, हे सांगावे लागते.

"आणि हा शेवटचा, 'गिल्ट'?"

"ते कृत्यात नसतं," त्र्यंबकराव म्हणाले. "ते माणसात जाऊन राहतं. बाकी कोणाला ठाऊक नसलं तरी."

उत्तराने त्यांच्याकडे पाहिले, मग खाली पडलेल्या कागदाच्या कपट्यांकडे. तिने विचारले नाही. पण त्यांनीच सांगितले, दगडूचे, हौसाबाईचे, तीन शब्दांचे, हातच्या पाण्याचे. सांगताना आवाज इतका साधा ठेवला, की त्यांनाच स्वतःचा राग आला.

"मग आता कोणता लिहिताय?" तिने विचारले.

"ठरत नाही."

"सोपा असेल तो लिहा. वाचणाऱ्याला कळेल असा."

त्यांनी 'फॉल्ट' लिहिले आणि पुढे 'माझा'. साक्षीदार स्त्रीने तिन्ही वेळा एकच शब्द उच्चारला, मूळ मोडी जबान्या पाहाव्यात, तीन निरनिराळे शब्द मी घातले. खाली सही केली, हुद्दा लिहिला.

"मुंबईचं आता होईलसं वाटत नाही," ते शाई वाळवत म्हणाले.

उत्तराने वही मिटली. उतू जायला दूध चुलीवर नव्हतेच, तरी दूध पाहते म्हणून ती आत गेली.

सोमवारी सकाळी कचेरी भरण्याआधी हौसाबाई त्याच पायरीखाली येऊन बसली. त्र्यंबकराव या खेपेला ओसरीवर बसले नाहीत, पायऱ्या उतरून खाली उभे राहिले. काय बोलायचे ते त्यांनी वाटेवर पाठ केले होते, आणि ते सगळे विसरले.

"तू वाईट काही बोलली नाहीस," ते म्हणाले. "तिन्ही वेळेला लोटलं म्हणालीस. कागदात तसंच आहे. इंग्रजीत सांगताना शब्द मी बदलले. साहेबांनी माझे शब्द ऐकले, तुझे नाही."

तिला ते एकदम कळले नाही. तिने पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले. आता ती ओरडेल, चार माणसे गोळा होतील, असे त्यांना वाटले. तशी त्यांनी तयारीही केली होती.

"का?" तिने विचारले. तिने इतके हळू विचारले, की त्यांना वाकावे लागले.

"तोच शब्द परत परत आला, की बरा दिसत नाही."

"कोनाला?"

साहेबांना, असे ते म्हणणार होते. ते खरे नव्हते. साहेबांनी तसे कधी सांगितले नव्हते.

"मला," ते म्हणाले.

हौसाबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. मग त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिले, पहिल्यांदाच.

"ता लिवलाय का हेच्यात? बरा दिसत नाय म्हनून?"

ते लिहिलेले नव्हते. सगळे लिहिले होते, तेवढेच राहिले होते. नोकरी जाईल हे त्यांनी गृहीत धरले होते, ते लिहायला धैर्य लागते आणि धैर्य दाखवायला माणसाला आवडते. हे मात्र नुसते लाजिरवाणे होते. शिपायाच्या मेजावरची दौत घेऊन ते पायरीवर बसले आणि त्यांनी सहीच्या वर, समासात बारीक अक्षरात ते वाक्य घातले : हे शब्द मी केवळ शोभेसाठी बदलले, दुसरे कारण नव्हते. मग कागद पहिल्यापासून तिला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'शब्द' हा शब्द सहा वेळा आला. मास्तरांनी पान तांबडे करून टाकले असते.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि तिने मान डोलावली, तिन्ही जबान्या ऐकून डोलावली होती तशीच.

हा कागद आजच वकिलाकडे जाईल, अपील दाखल होईल, पण पुढे काय होईल ते सांगता येत नाही, हेही त्यांनी तिला सांगितले. दगडू सुटेलच असे मी म्हणत नाही, शिक्षा कमी होईल, किंवा तेवढीही होणार नाही. तिने तेही ऐकून घेतले.

"आता गावान चला," ती म्हणाली.

"मी?"

"सासूला सांगाया. मी सांगितला तर ती म्हनेल, हिनी परत शबूद बदलला."

कचेरीची घंटा झाली. वकील ओसरीवरून आत जाऊ लागले. त्र्यंबकराव म्हणू शकत होते, की रविवारी येतो, आणि ते खरे ठरलेही असते. त्यांनी दरवाजाकडे पाहिले. मग ते दफ्तरखान्यात गेले आणि हरिहरपंतांपुढे कागद ठेवून म्हणाले, की हा वकिलाला द्या आणि साहेबांना सांगा, मी आज आत येत नाही. हरिहरपंतांनी कागद वाचला, समासातले बारीक अक्षरही वाचले. त्यांनी थट्टा केली नाही. छत्री तेवढी पुढे केली.

तरीत बसून ते पलीकडे उतरले. पावसाने मिठागरे पाण्याखाली होती आणि मधले बांध गवताने हिरवे झाले होते. हौसाबाई पुढे चालत होती, मागे न पाहता. त्र्यंबकराव जोडा हातात घेऊन, छत्री टेकत मागून येत होते. एका ठिकाणी ती थांबली.

"हितं," ती म्हणाली आणि पुढे झाली.

तिथे उघाडी होती. या खटल्याचा प्रत्येक कागद त्यांनी वाचला होता, पण ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. दोन काळे दगड, मध्ये कुजट लाकडाचे दार, आणि त्यावरून गेलेला बांध हातभर रुंद. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता आले नसते. त्र्यंबकरावांनी एक हात बाजूला लांब करून पाहिला, आणि तेवढ्यानेच त्यांचा तोल जाऊ लागला. इथे कोणी कोणाला भिरकावूच शकत नव्हते. तेवढी जागाच नव्हती. खाली बसून त्यांनी एका हाताने दगड धरला आणि ते तसेच काही वेळ बसून राहिले. पुढे हौसाबाई त्यांच्यासाठी थांबली होती.

मालनबाई घराच्या पडवीत बसून टोपलीला नवा काठ बांधत होती. पागोटेवाला ब्राह्मण बांधावरून आपल्या दारी येताना पाहून शेजारच्या दोघीतिघी आणि एक म्हातारा कुंपणाशी येऊन उभे राहिले. हौसाबाई दाराशी टेकून उभी राहिली.

"हे कोर्टातले," ती म्हणाली. "त्येच सांगतील."

त्र्यंबकरावांनी पागोटे काढून हातात घेतले. त्यांच्या वहीत अकरा शब्द होते. इथे एकही कामाचा नव्हता.

"तुमच्या सुनेनं तिन्ही वेळा खरं सांगितलं," ते म्हणाले. "तिचा एक शब्दही बदलला नाही. बदलला मी. तुमच्या मुलाला शिक्षा झाली ती माझ्या बोलण्यानं, तिच्या नाही."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. तिने 'का' विचारले नाही, 'कसे' विचारले नाही. तिने फक्त त्यांच्या हातातल्या पागोट्याकडे पाहिले, मग त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे. कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका कुजबुजल्या आणि गप्प झाल्या. त्र्यंबकराव वाट पाहत होते. कशाची, ते त्यांना सांगता आले नसते. शिवीची असेल.

"हौसा," मालनबाई म्हणाली, "पानी आन."

हौसाबाई क्षणभर जागची हलली नाही. मग ती आत गेली. मडक्यात तांब्या बुडाल्याचा आवाज बाहेर आला. ती तांब्या घेऊन आली आणि तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला. म्हातारीने तो तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता सगळा संपवला.

त्र्यंबकरावांना कोणी पाणी विचारले नाही. ऊन डोक्यावर आले होते आणि त्यांना फार तहान लागली होती. त्यांनी पागोटे डोक्याला घातले आणि आलेल्या बांधानेच ते परत निघाले.